हवेत आवळलेला बोल्ट

माझ्या पिकअपचा पुढचा उजवा टायर आतल्या कडेनं झिजलाय, हे माझ्या आधी बायकोनं पाहिलं. "अरे, हा टायर एका बाजूनं झिजलेल्या चपलेसारखा दिसतोय. चालतं का असं?" चालत नाही. आणि ते तिनं मला सांगावं हे तर मुळीच चालत नाही, कारण गेली सतरा वर्षं मी पोटापाण्यासाठी गाड्यांची सस्पेन्शनं काढतो. काढतो म्हणजे संगणकावर, चित्रात. डेट्रॉइटच्या आसपासच्या ज्या मराठी घरांतून रोज सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन माणसं गाड्यांच्या कंपन्यांकडे निघतात, त्यांतलाच मी एक. गाडी सरळ रस्त्यावर हळूच डावीकडे ओढते हे मलाही जाणवत होतं, पण ते खापर मी टायरमधल्या हवेवर फोडत होतो.

अलाइनमेंटच्या दुकानात तिथल्या माणसानं दहा मिनिटांत गाडी लिफ्टवरून खाली उतरवली. "कॅम बोल्ट जाम आहेत. जागचे हलत नाहीत. नवे लोअर आर्म टाकून आण, मग बघू." त्या कामाच्या मजुरीचा आकडा ऐकला आणि मी म्हटलं, हे आपणच करू. सतरा वर्षं जी वस्तू चितारतोय, ती एकदा बसवूनही बघू.

लोअर कंट्रोल आर्म म्हणजे ए या इंग्रजी अक्षराच्या आकाराचा पोलादी हात. त्याचे दोन पाय चासीला अडकवलेले, टोक चाकाकडे. पायांत रबरी बुश, टोकाला बॉल जॉइंट. चाक खड्ड्यात गेलं की हा हात पायांपाशी फिरतो आणि टोक वरखाली होतं. माझ्या गाडीत स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकत्र जोडलेले आहेत आणि त्यांचं खालचं टोक या हाताच्या पाठीवर टेकतं, म्हणजे पुढचा सगळा भार आधी त्याच्यावर येतो, मग चाकावर. ऑफिसात मात्र मी त्याला कधी हात म्हणून पाहिलं नाही. तिथं तो तीन बिंदू असतो. प्रत्येक बिंदूला तीन आकडे. बुश म्हणजे एक आलेख, इतकं बळ लावलं तर इतकं सरकेल. बिंदूला वजन नसतं आणि तो गंजत नाही.

चासीकडचे दोन्ही बोल्ट कॅम बोल्ट होते. या बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली एकेक चकती असते, जिचं भोक बरोबर मध्यावर नसतं. बोल्ट फिरवला की हाताचा पाय काही मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकतो आणि चाकाचा कल बदलतो. अलाइनमेंटवाल्याचं सगळं काम या दोन चकत्यांवर चालतं. त्या हलल्या नाहीत तर त्याचं लाखमोलाचं यंत्र नुसतं भिंतीवरचं चित्र.

त्या का हलत नव्हत्या, त्याचं उत्तर आमच्या पायाखालीच आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. प्राचीन समुद्र आटून राहिलेलं मीठ. तिथून निघालेलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं, बर्फ वितळवतं आणि त्याचं खारं पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागतं. बुशच्या मधोमध पोलादी नळी असते, तिच्यातून बोल्ट आरपार जातो. दोघांमध्ये केसाएवढी फट. खारं पाणी नेमकं तिथं शिरतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि त्या फटीत जागा तर नाहीच. मग बोल्ट आणि नळी यांचा असा काही संसार जमतो की कुणी सोडवू म्हणता सुटत नाही.

कामाला हात घालण्याआधी कराडला मामाला फोन लावला. मामाचं हायवेला गॅरेज आहे, चाळीस वर्षांपासून. सुट्टीत तिथं डिझेलनं हात धुवून मी मोठा झालो. व्हिडिओवर तो टेबलावर चहा ठेवून बसलेला.

"मामा, ट्रकचे लोअर आर्म बदलतोय."

"ट्रकला कसले आर्म रं? ट्रकला पाटे असत्यात."

मी फोन गाडीकडे वळवला. मामा बराच वेळ बघत राहिला. "ह्यो व्हय ट्रक? ही तर बोलेरोची थोरली बहीण हाय."

इथं पिकअपलाच ट्रक म्हणतात, हे सांगून झालं. पण मामा काही चुकीचं बोलत नव्हता. इकडेही ट्रकला पूर्वी पाटेच होते. दोन्ही चाकं एकाच आडव्या एक्सलवर, एका चाकाला धक्का बसला की दुसऱ्यालाही त्याची खबर. इकडच्या मोटारगाड्यांची पुढची चाकं वेगवेगळी हलू लागली ती १९३४ च्या सुमाराला, जनरल मोटर्सनं त्या साली तशा गाड्या बाजारात आणल्या. त्यामागचं बरंचसं डोकं मॉरिस ओली या इंजिनिअरचं, जो रोल्स रॉइस सोडून तिथं आला होता. पिकअपपर्यंत ती चैन पोचायला आणखी पाव शतक गेलं. शेवरलेच्या पिकअपना १९६० साली पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. मोठे मालट्रक मात्र पुढं बहुतेक आजही आडव्या एक्सलवर आणि पाट्यांवरच धावतात, त्यामुळे मामाच्या व्याख्येनं खरा ट्रक अजून तोच.

"एक ऐक," मामा म्हणाला, "जॅकवर गाडी ठिवून खाली जाऊ नगंस. घोडी लाव. आन् बॉल जॉइंट निघंना झाला तर दांड्याला मारू नगं, आटे जातील. ज्या कानात तो बसलाय, त्या कानावर मार."

हे वाक्य मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि तो तशाच निमुळत्या भोकात घट्ट रुतून बसतो. कानावर बाजूनं घण घातला की भोक क्षणभर किंचित आकार बदलतं आणि दांडा सुटतो. ऑफिसात आम्ही त्या निमुळतेपणाचा कोन अंशाच्या दशांशापर्यंत ठरवतो. तो सोडवायचा कसा, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आठला सुरुवात केली. सगळ्यांत आधी माझ्या सवयीनं मोजमाप. सपाट जागेवर उभ्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत ५२७ मिलिमीटर. ते खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहिलं. का लिहिलं ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. हातात टेप असला की मी मोजतो, एवढंच.

गाडी घोडीवर घेतली, चाक काढलं, स्वे बारची लिंक सोडली, शॉकचा खालचा बोल्ट काढला. ब्रेकच्या नळीवर ओझं येऊ नये म्हणून चाकामागची स्टिअरिंग नकल तारेनं वर बांधून ठेवली. स्प्रिंग शॉकवरच कैद असल्यामुळे तिची भीती नव्हती. जुन्या गाड्यांत ती चासी आणि आर्मच्या मध्ये मोकळी दाबून बसवलेली असे, आणि तिथं घाई करणाऱ्याला ती माफ करत नाही. बॉल जॉइंट मामाच्या मंत्रानं चौथ्या घावाला सुटला. इथवर तासभर. मला वाटलं, जेवणापर्यंत दोन्ही बाजू होतील.

कॅम बोल्टचे नट चार फुटी पाइप लावून सुटले, कुरकुरत, पण सुटले. मग बोल्टच्या डोक्याला पाना लावला आणि ओढला. बोल्ट फिरला! पंधरा-वीस अंश मस्त फिरला. पाना सोडला तर परत जागेवर. पुन्हा ओढला, पुन्हा परत. बोल्ट फिरत नव्हताच. बोल्ट आणि नळी एक झालेले, आणि फिरत होतं ते त्यांच्याभोवतीचं रबर. मी पिळत होतो, ते सोसत होतं आणि सोडलं की मला माझ्या जागी आणून ठेवत होतं. हा आलेख मी शेकडो वेळा काढलाय. पिळाचा कोन आडव्या रेषेवर, पिळायला लागणारं बळ उभ्यावर, सुंदर सरळ रेष. ती रेष दंडातून खांद्यापर्यंत जाणवते हे त्या दिवशी कळलं.

घण घातले. गंज सोडवायचं तेल पाजून तासभर वाट पाहिली. गॅसच्या ज्योतीनं तापवलं, तेव्हा जळक्या रबराचा वास गॅरेजातून थेट स्वयंपाकघरात गेला आणि आतून खिडकी आपटल्याचा आवाज आला. बोल्ट ढिम्म.

शेजारचे गृहस्थ दुपारी खुर्ची घेऊन आले. एका असेंब्ली प्लांटमध्ये तीस वर्षं लाइनवर काढून निवृत्त झालेले. थोडा वेळ बघून ते काही न बोलता घरी गेले आणि पुढंमागं चालणारी विजेची करवत घेऊन आले, सोबत पात्यांचं नवं पाकीट. "मिशिगनमध्ये बोल्ट काढत नाहीत," ते म्हणाले, "कापतात."

कापायचं ते बुश आणि चासीचा कान यांच्यामधल्या फटीत. एका बोल्टला दोन काप, एका बाजूला चार. पातं कानाच्या पोलादात शिरलं तर चासीच गेली, म्हणून ते बुशच्या रबराकडे कलतं ठेवायचं. रबर जळून काळा धूर, पोलादाची किरमिजी भुकटी तोंडावर, आणि पाठीखाली थंडगार सिमेंट. पहिल्या बोल्टनं तीन पाती खाल्ली. चौथा काप संपला आणि आर्म एकदम माझ्या छातीवर उतरला. जुना आर्म, तरी दोन्ही हातांनी उचलावा लागतो इतका जड. मी तसाच पडून राहिलो. किती वर्षं याचं वजन मी ग्रॅममध्ये कमी करत आलोय, त्याचा हिशेब डोक्यात चालू होता. अमुक ठिकाणी भोक पाडलं तर इतके ग्रॅम वाचतील, तमुक कड पातळ केली तर तितके. छातीवर आलं तेव्हा ग्रॅम-बिम काही नव्हते. ओझं होतं.

नवा आर्म बसवणं म्हणजे त्यामानानं सण. नवे बुश काळेभोर, बोल्ट पिवळसर चकचकीत. बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझचा राखाडी लेप लावला, पण आट्यांना लागू दिला नाही. आटे बुळबुळीत झाले की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. चकत्या आधीच्या खुणेवर आणल्या, बॉल जॉइंटचा नट आवळून स्प्लिट पिन घातली, शॉकचा बोल्ट घातला. मग टॉर्कचा पाना घेतला आणि कॅम बोल्ट शंभर फूट-पाउंडांवर आवळले. पान्यानं 'कट्' म्हटलं की जो आनंद होतो, तो आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळावा. आवळलेल्या प्रत्येक नटावरून कानावर पिवळ्या रंगाच्या पेननं रेघ ओढली. प्लांटमधली जुनी सवय, रेघ तुटली तर नट हलला. दुसरी बाजू अनुभवामुळे दीड तासात झाली. अंधार पडायला गाडी चाकांवर. शेजाऱ्यांना चहा दिला, आल्याचा. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप हातात तसाच ठेवला.

रात्री सहज टेप घेऊन गेलो. ५३६.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नये. उतरताना टायर बाजूला सरकायला बघतात, जमीन सरकू देत नाही आणि गाडी थोडी वर अडकून बसते. म्हणून ती पुढंमागं ढकलली, मग गल्लीला एक चक्कर मारून आणली. ५३६. नवे भाग म्हणजे गाडीही जरा ताठ उभी राहणार, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. आर्म ताठ उभे राहत नसतात. गाडीची उंची स्प्रिंग ठरवते आणि स्प्रिंग तर जुनीच होती. मग नऊ मिलिमीटर वर कोण उचलून धरत होतं?

मी गॅरेजात टेप हातात घेऊन उभा होतो आणि उत्तर माझ्याच अक्षरात डोळ्यांसमोर आलं. माझ्या प्रत्येक चित्रावर उजव्या कोपऱ्यात सूचनांची यादी असते. त्यात बहुतेकदा सातवी की आठवी: बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीला आणून मगच आवळावेत. ही ओळ मी किती चित्रांवर लिहिली असेल देव जाणे. नव्या मुलांच्या चित्रांवर ती राहिली तर लाल शाईनं घातलीय.

बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला दोन्हीकडे चिकटवलेलं असतं. त्यात सरकणारं काही नाही, ते फक्त पिळतं. बोल्ट आवळला की नळी चासीच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते, आणि ज्या कोनात चिमटली तोच रबराचा आरामाचा कोन. मी आर्म पूर्ण खाली लोंबत असताना आवळला. गाडी चाकांवर आली तेव्हा आर्म वर गेला आणि रबर तेवढं पिळलं. आता उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहणार, दिवसरात्र, आणि परत खाली जायला बघत गाडीला वर ढकलणार. खड्डा आला की आणखी पीळ. असं रबर लवकर फाटतं. दुपारी जुन्या बोल्टनं मला हेच चार तास हातानं शिकवलं होतं. पिळलेलं रबर जागेवर परत येऊ बघतं. ते शिकून मी नेमकं उलटं करून आलो होतो.

मामाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अलाइनमेंटवाला नट ढिले करंलच की, तवा बसंल आपोआप. अर्धं खरं. तो ज्याला हात लावेल तेवढंच सुटेल, बाकीचे तसेच लोंबत आवळलेले राहतील. आणि तसंही, तो आकडा भिंतीवर खडूनं लिहिलेला असताना मला झोप येणार नव्हती.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांकडून दोन रॅम्प आणले. पुढची चाकं त्यांवर चढवली की गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहते आणि तरी खाली शिरता येतं. चकती फिरू नये म्हणून बोल्टचं डोकं पान्यानं धरलं आणि पहिला नट सैल केला. 'टक्' झालं. दुसरा. पुन्हा 'टक्', आणि माझ्या डोक्यावरचं बंपर किंचित खाली आलं. इतकं थोडं की शेजारी उभ्या माणसाला दिसलं नसतं. मी खाली होतो म्हणून दिसलं.

शेजारचे गृहस्थ तिथंच उभे होते. काय केलं ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या लाइनवर खालून दोन लोखंडी हात यायचे. चाकं वर ढकलायचे, हिरवा दिवा लागायचा, मग नट आवळायची बंदूक चालवायची. बारा वर्षं ते स्टेशन केलं मी. एकदा मशीन बंद पडलं, तर सुपरवायझरनं सगळी लाइन थांबवली, पण तसं आवळू दिलं नाही. मी विचारलं, का? तो म्हणाला, कागदावर लिहिलंय."

"तो कागद मी लिहितो," मी खालून म्हणालो.

त्यांना हसू आलं की नाही ते मला दिसलं नाही, त्यांचे बूट दिसत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग 'का' ते आम्हाला कधीच का नाही सांगितलं?" मी पान्याचा 'कट्' होईपर्यंत थांबलो. दुसरं उत्तर नव्हतं माझ्याकडे.

चारही नट नव्यानं आवळले, या वेळी पांढऱ्या पेननं रेघ. पिवळी तशीच राहू दिली, ती आता तुटून दोन ठिकाणी गेली होती. उंची ५२८. एक मिलिमीटरवरून मी भांडत नाही.

सोमवारी ऑफिसात एका चित्रावर ती सातवी सूचना उघडली आणि तिच्यापुढं कारण लिहिलं. साधं, दोन ओळींचं. दुपारी तपासणीतून परत आलं. सूचनेत फक्त काय करायचं ते लिहावं, कारणासाठी चित्रावर जागा नाही. खरंच नव्हती, मी मोजून पाहिलं. त्या दोन ओळी मी प्लांटच्या प्रशिक्षणाच्या फायलीत टाकल्या. ती कुणी उघडतं का, ते विचारायचं राहिलंय.

मंगळवारी पुन्हा अलाइनमेंटचं दुकान. या वेळी काचेआडून नव्हे, त्यानं मला लिफ्टखाली येऊ दिलं. चाकांना कॅमेऱ्याच्या पाट्या लावल्या. उजव्या चाकाचा आकडा लाल. त्यानं पुढचा कॅम बोल्ट साध्या पान्यानं, एका हातानं फिरवला. पडद्यावरचा आकडा त्याच्या मनगटाबरोबर सरकत गेला, लालमधून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. मागच्या खेपेला याच जागच्या जुन्या बोल्टवर तो पायानं लटकला होता.

मग त्यानं टॉर्च नटावर धरला. "इथं दोन रंग कशाला?"

"पिवळा चुकीचा, पांढरा बरोबर."

त्यानं नट शेवटचा आवळला, टॉर्च पुन्हा धरला. पांढरी रेघही तुटून बाजूला सरकली होती. "मग आता पांढराही चुकीचा," तो म्हणाला, आणि मागच्या बोल्टकडे वळला.